सीना कुणाला मिळते?

एप्रिल लागला की आमच्याकडे चिंचेचं पोतं येतं. नको म्हटलं तरी येतं. घरात खाणारी तोंडं चार, त्यातल्या दोघांना आंबट चालत नाही. पण तारावहिनी ऐकेल तर शपथ! तारावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. गेली कित्येक वर्षं ती माझ्याजवळच असते, इथं नगरला. "इकतची फोडलेली चिंच म्हंजी निम्मी माती," असं म्हणून ती दर उन्हाळ्यात बाजारातून अख्खं पोतं आणवते, आणि मग आम्ही दोघी म्हाताऱ्या व्हरांड्यात गोणपाटावर समोरासमोर बसून, एकेक दगड पुढ्यात घेऊन, हातोडीनं चिंचा फोडत राहतो. टरफल बाजूला, चिंचोके बाजूला, गर ताटात. आठ-आठ दिवस नुसतं टक् टक्, टक् टक्. शेजारचे कंटाळतात. मीही कंटाळते, पण सांगायची सोय नाही.

यंदा त्या टकटकीत आणखी एक आवाज मिसळला होता. माझी नात सायली कसल्याशा भरतीची परीक्षा देते आहे. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नाही, हे माझ्याकडून आलेलं आहे, त्यामुळे बोलता येत नाही. आतल्या खोलीतून दिवसभर तिची गाडी चालू: महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणत्या तालुक्यात? आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव काय? चांदबिबीच्या महालात चांदबिबी किती वर्षं राहिली? (एक दिवसही नाही. तो महाल नव्हेच, ती कबर आहे दुसऱ्याच कुणाची. आमच्या वेळीही हाच प्रश्न घालून पोरांना फसवायचे.) मी आपली इथून उत्तरं फेकत होते. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे, तोंड गप्प कसं बसणार?

तेवढ्यात ती म्हणाली, "सीना नदी कोणत्या नदीस मिळते? अ, गोदावरी. ब, कृष्णा. क, भीमा. ड, प्रवरा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिसरं," वहिनी म्हणाली. हातोडी थांबली नाही.

"अय्या! आजी, तुला कसं गं आलं?" सायली वहिनीलाही आजीच म्हणते.

"येतं."

सायली हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकले. तिसरं म्हणे! बाई, बाई. पन्नास वर्षं झाली, अजून तुझं तेच.

*

तो बहात्तरचा दुष्काळ. बहात्तर सरून त्र्याहत्तरचा उन्हाळा चालू होता. दुष्काळाविषयी फार बोललं गेलं आहे, मला त्यात भर घालायची नाही. मला फक्त रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायांची ओळ आठवते. श्रीगोंद्याच्या दक्षिणेला, नदीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं रस्त्याचं काम निघालं होतं आणि गावातल्या साऱ्या बाया खडी फोडायला बसल्या होत्या. पाटलीणबाईसुद्धा बसल्या. डोक्यावर पदर, पदरावर ओलं फडकं, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे वाटोळे तुकडे चढवलेले, म्हणजे हातोडी चुकली तर नख वाचावं. तरी नखं जायचीच. पुढ्यात जिच्या-तिच्या खडीचा ढीग. संध्याकाळी मुकादम येऊन ढीग मोजणार. दुपारी सरकारकडून भाजक्या पिठाची सुकडी मिळायची. तिचा तो खमंग, किंचित जळका वास अजून कुठं पीठ भाजलं की येतो.

मी दहावीत होते. शाळा अर्धा वेळ भरायची, उरलेला अर्धा मी वहिनीशेजारी. आमच्या गुरुजींनी मला नगरच्या सामान्यज्ञान स्पर्धेसाठी निवडलं होतं, म्हणून हातोडी मारता मारता मी प्रश्न पाठ करायची. नद्या, डोंगर, राजे, सण, सिनेमातली गाणी, कोडी. स्पर्धा पुढं रद्दच झाली. पण माझे प्रश्न बायांनी धरून ठेवले.

झालं असं की उन्हानं डोकी भणभणायची, वेळ जाता जायचा नाही. ठकूबाई म्हणून एक खट म्हातारी होती, तोंडात दात दोन पण जीभ तलवार. तिनंच हा खेळ काढला. "ए सुमे, नुस्तं बडबडू नको. इचार आमाला. जिला यील तिला पाटीभर खडी द्यायची. जिला यायचं न्हाई तिनं पाटी हारायची." झालं! सगळी ओळ जागी झाली. हातांत हातोड्या आणि तोंडात प्रश्न. मग माझे शाळेतले प्रश्न संपले आणि बायांचे सुरू झाले. मारुतीचं तोंड कुठल्या दिशेला? सटवाई कपाळावर कुठल्या रात्री लिहिते? जत्रेतल्या तंबूत लागलेल्या सिनेमात नटी झोक्यावर बसून गाणं म्हणते ते कुठलं? त्यावर चार जणी चार चाली लावून भांडायच्या. हिच्या ढिगातली पाटी तिच्या ढिगात, तिची हिच्यात. संध्याकाळी बेरीज तीच व्हायची म्हणा, पण मजा यायची. रडायच्या दिवसांत आम्ही इतक्या हसलो कशा, हे मला अजून समजत नाही.

आणि त्या खेळात एकच बाई हमखास हरायची. आमची वहिनी.

कारण माझ्या दादाचं नाव भीमा. आईला कळा सुरू झाल्या त्या नदीवर धुणं धुताना, तिथंच काठावर तो झाला, म्हणून नदीचंच नाव ठेवलं. आणि वहिनी नवऱ्याचं नाव घेत नसे. तेव्हा कुणीच घेत नसे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं पक्कं डोक्यात बसलेलं. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून वहिनीला नदीचंही नाव तोंडातून काढता येईना. "मोठीवर चाललेय पान्याला" म्हणायची. मोठी म्हणजे नदी. सासरी येऊन एक माणूस मिळालं आणि एक नदी मुकी झाली, असं दादा तिला चिडवायचा.

बायांना आयतंच सापडलं. दुपार चढली, हात जड झाले, की ठकूबाई डोळा मिचकावून विचारायची, "तारे, सीना कुनाला मिळती गं?"

वहिनीचे कान लाल. हातोडी थांबलेली.

"बरं, घोड नदी कुनाला मिळती?"

"मला न्हाई ठावं."

"आगं, दोन कोसावर घर आन् ठावं न्हाई? टाक पाटी!"

वहिनी उठायची, पाटी भरायची आणि ठकूबाईच्या ढिगात ओतायची. हसत ओतायची. मी शंभरदा सांगितलं, अगं, उत्तर येतंय तर सांग की, अर्ध्या दिवसाची मेहनत घालवतेस! तर म्हणे, "जाऊ दे की. खडी उद्या फोडता यीती." एकदा फारच मागं लागल्या तेव्हा तिनं उखाणा घेतला. उखाण्यात नाव घ्यायला मुभा असते. पण ही पठ्ठी तिथंही हुशार.

"घोड येती, सीना येती, पान्याला न्हाई सीमा,
जलमाचा माझा सोबती, एकच हाय..."

आणि गप्प. पदर तोंडात. शेवटचा शब्द सगळ्या ओळीनं ओरडून पुरा केला. रस्त्यानं चाललेला मुकादम दचकून थांबला. त्याला वाटलं, कुणाला तरी दगड लागला.

*

दादाबद्दल काय सांगू? चौथीत शाळा सोडलेला, पण किराणाच्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही. त्यातून त्याला नाही नाही ते कळायचं, आणि बरंचसं चुकीचं कळायचं, कारण कागद नेमका अर्धा फाटलेला असायचा. जेवताना मला विचारायचा, "सुमे, जगातली सगळ्यात लांब नदी कोंची?"

"नाईल."

"खोटं. आपली."

"दादा, काहीतरीच काय! पुस्तकात दिलंय."

"पुस्तकवाल्यानं आपली बघितली न्हाई. पंढरपुरात गेली की तिला चंद्रभागा म्हंत्यात. एका नावात मावत न्हाई ती, आन् म्हने नाईल!"

वहिनी चुलीपाशी तोंड फिरवून हसायची. भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची, चिरा पडणारी, तोंडात फिरत राहणारी. आमटीत डाळ शोधावी लागायची. पण त्या दोघांचं ते चोरून बघणं मला तेव्हाही दिसायचं. दोन वर्षं झाली होती लग्नाला.

नदी त्या साली नावालाच होती. वाळूत खड्डे करून झिऱ्यातून वाटी-वाटीनं पाणी भरायचं. माणसांचं कसंतरी भागलं, पण बैलांचं काय? आमची दोनच जनावरं, तांबडा आणि बांडा, दोघांच्या फासळ्या मोजता याव्यात अशा झालेल्या. बाबा म्हणाले, सोडून देऊ. दादा म्हणाला, "जीव हाय तवर न्हाई." साखर कारखान्याकडं आमच्या मामांचं गाव होतं. तिथं चाऱ्याला उसाचं वाढं मिळत होतं. बैल घेऊन दादा निघाला. पायी दोन-तीन मुक्कामांची वाट.

निघताना तो वहिनीशी काही बोलला नाही. सगळ्यांसमोर कसा बोलणार? माझ्याकडं बघून म्हणाला, "सुमे, आता मी आल्यावर तुला इचारनार. सीना कुनाला मिळती ते घरात सगळ्यांना आलं पायजे." वहिनीनं भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि त्या फडक्याची गाठ उगीच पुन्हा सोडून बांधली.

मग खूप दिवस गेले. काळजी कुणाला नव्हती. मामांकडं आहे, बैलांजवळ आहे, पोटाला भाकर आहे. त्या दिवसांत याहून जास्त कुणाला काय हवं होतं?

एके दिवशी सकाळी मामा दारात. मागं तांबडा आणि बांडा, दोघंही जरा सावरलेले. मामांनी दावी बाबांच्या हातात दिली, पायरीवर टेकले, घाम पुसला आणि म्हणाले, "भीमा कामाव गेला का? त्याला म्हनावं, मामानं बैल राखलं तुजं."

बाबा म्हणाले, "भीमा? भीमा तर तुमच्याकडंच हाय की."

मामांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "आवो, त्यो कवाच निघाला हितून. पौर्निमेच्या आधी. म्हनला, बैल ऱ्हाऊ द्या, घरी जाऊन येतो, लई दिस झालं, समद्यास्नी भेटून येतो."

वहिनी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं मामांना पाणी नेऊन दिलं.

समद्यास्नी भेटून येतो. घरी यायलाच निघाला होता तो. कुणाला भेटायची ओढ होती ते न कळायला मी काही लहान नव्हते.

बाबांनी वाटेवरचं गाव न् गाव पालथं घातलं. दौंडच्या स्टेशनात असा एक माणूस बसलेला बघितला, असं कुणी सांगितलं. कुणी म्हणालं, ट्रकात माणसं भरून लांब कुठल्या धरणाच्या कामावर नेली, त्यात होता. नगरच्या दवाखान्यात जाऊन आले, चौकीत जाऊन आले. भिंगारला एक ओळखीचा लष्करात कारकून होता, त्यालाही विचारून झालं. त्या साली इतकी माणसं इकडून तिकडं चालली होती की एका माणसाचं कुणाला काय पडलंय! बाबा परत आले ते जणू दहा वर्षं म्हातारे होऊन.

*

आणि खडी फोडणं चालूच होतं. घरात दुःख झालं म्हणून कामाला सुट्टी नसते, विशेषतः दुष्काळात. वहिनी तिसऱ्या दिवशी ओळीत येऊन बसली. बायांचं हसणं बंद झालं. प्रश्नांचा खेळ मात्र आठवड्याभरानं परत सुरू झाला, कारण ती शांतता कुणाला सोसेना. कुणी देवाचं विचारी, कुणी सणाचं. नदीचं कुणी काढीत नसे.

पण सवय वाईट. एका दुपारी ठकूबाईला ग्लानी आली होती, डोळे मिटत होते, आणि अर्धवट झोपेत तिच्या तोंडून निघून गेलं, "तारे, सीना कुनाला मिळती गं?"

सगळ्या हातोड्या थांबल्या. ठकूबाईनं जीभ चावली, दोन्ही हातांनी तोंडात मारून घेतलं. "माजं मढं जाळलं! तारे, मी... न्हाई गं बाई..."

वहिनी उठली. पाटी घेतली. सकाळपासून फोडलेली खडी हातांनी ओढून भरली, काठोकाठ भरली. ठकूबाई नको नको म्हणून तिचे हात धरत होती. वहिनीनं हात सोडवले, पाटी ओतली आणि जागेवर येऊन बसली. चेहऱ्यावर काही नाही. आधी ती लाजून हरायची. आता ती भिऊन हरत होती. आता दादाच्या आयुष्यातलं एक पळसुद्धा तिला खर्चायचं नव्हतं. कुठं असेल, कसा असेल, पण तिच्या तोंडून त्याचं काही उणं व्हायला नको होतं. खडी काय, उद्या फोडता येते.

सुकडी वाटायची वेळ झाली. वहिनी पाण्याला गेली. तेव्हा ठकूबाई उठली, आपली पाटी भरली आणि वहिनीच्या ढिगात ओतून आली. मग तिच्या शेजारची उठली. मग तिच्या पलीकडची. पाटलीणबाईंनी ओतली. मीही माझी पाटी नेली. वहिनी परत आली तेव्हा तिचा ढीग ओळीतला सगळ्यात मोठा झाला होता.

तिनं ढिगाकडं पाहिलं, ओळीकडं पाहिलं. सगळ्या बाया मान खाली घालून दगड फोडण्यात गर्क. आणि मग ती खाली बसली आणि त्या खडीवर डोकं ठेवून रडली. मामा आल्यापासून पहिल्यांदा. ठकूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःच हमसून हमसून रडत होती. संध्याकाळी मुकादमानं ढीग मोजला. माणूस समजूतदार होता. एवढा कसा म्हणून विचारलं नाही.

*

पुढं पाऊसपाणी झालं, नदी भरली, रस्ताही झाला. त्या रस्त्यावरून एसटी धावते, त्यावरून जाताना मी पाय किंचित उचलून धरते, वेडेपणा आहे, पण धरते. दादा आला नाही.

वहिनीच्या माहेरचे न्यायला आले, ती गेली नाही. बारा वर्षं झाल्यावर भावकीनं विषय काढला. माणूस बारा वर्षं आला नाही की त्याचं करून टाकायचं, कणकेचा पुतळा करून अग्नी द्यायचा, बाईनं कुंकू पुसायचं, अशी रीत. आई-बाबासुद्धा थकून हो म्हणाले होते. वहिनी ओसरीवर येऊन, सगळ्या पुरुषांसमोर, पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "म्या त्यांचं नाव अजून घेतलं न्हाई. मग ते कसं जातील?" सगळे चहा न पिताच उठले.

आई-बाबा गेल्यावर मी तिला नगरला आणलं. वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगून मी नद्या शिकवायची. गोदावरी आली, प्रवरा आली, की पट्टी आपोआप खाली सरकायची आणि त्या एका निळ्या रेघेपाशी माझा आवाज चिरकायचा. पोरं म्हणायची, बाईंना सर्दी झाली. घरी येऊन मी वहिनीला कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. आम्ही दोघी मिळून एक माणूस जपत होतो, इतकंच.

*

परवा पोत्याचा तळ आला. दुसऱ्या दिवशी सायलीची परीक्षा. ती पुस्तक मिटून आमच्यापाशी येऊन बसली आणि वहिनीकडं बघून म्हणाली, "आता मी तुमचीच परीक्षा घेते. पण पर्याय देणार नाही हं. आजी, तू 'तिसरं' न् 'दुसरं' करून फसवतेस. सांग, सीना कुणाला मिळते?"

मी घाईनं म्हटलं, "सायले, आत जा, चहा टाक."

"थांब गं आजी. हिला येतंय का बघू दे ना!" ती मला म्हणाली.

वहिनीची हातोडी थांबली. तिनं ती दगडावर आडवी ठेवली. पदरानं हात पुसले, एकेक बोट सावकाश पुसलं.

"भीमा," ती म्हणाली.

"वहिनी!"

"असू दे, सुमे." तिचा आवाज अगदी साधा होता. "ऐंशीला आले असतील आता. असले तर. आता त्यांचं आविष्य कमी हून हून किती व्हनार? एवढी वर्सं जपलं. मी जायच्या आधी एकदा तरी मला त्यांना हाक मारू दे." आणि तिनं रस्त्याकडं पाहत पुन्हा म्हटलं, हळूच, जवळच्या माणसाला उठवावं तसं, "भीमा."

सायलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती टाळ्या पिटून म्हणाली, "बरोबर! आजी, तुला एक मार्क!"

वहिनी माझ्याकडं बघत होती. मी माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि सकाळपासून फोडलेली सगळी चिंच तिच्या ताटात ओतली.